थोरल्याच्या नावाची पाटी

गणपततात्यांना भुवया नव्हत्या. जन्मताना असणार, पण मी पाहिलं तेव्हा त्या जागी नुसती तांबूस, तुकतुकीत कातडी होती. त्यामुळे कुणीतरी आत्ताच काहीतरी नवल सांगितल्यासारखा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कायम असे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुशीला वाहिल्या. देवाला केस वाहत्यात न्हवं, तसं."

मूस म्हणजे सोनं-चांदी आटवायचं भांडं. तात्यांचा धंदा गलाईचा. सराफांच्या दुकानातली मोड, कानशीखाली सांडलेली धूळ, झाडलोटीचा कचरासुद्धा घ्यायचा आणि भट्टीत घालून त्यातलं सोनं-रुपं वेगळं काढायचं. आमच्या विट्याकडची गावं कोरडवाहू. पाऊस आला तर जोंधळा, नाही आला तर तोही नाही. म्हणून तिकडची माणसं ही विद्या शिकून मुलूखभर पांगली. तात्या त्या मानानं जवळ राहिले. सांगलीत सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात त्यांची एक खोली होती. खाली भट्टी, मागं चूल आणि वर पत्र्याचा माळा. त्या माळ्यावर राहून मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यात पहिला.

विश्रामबागेतल्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायची सोय नव्हती. वडील म्हणाले, "शेजारच्या गावच्या महादू सखारामाचं सांगलीत दुकान हाय. त्येला जाऊन भेट." मी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन बोळ शोधला. पाटी होती, 'महादू सखाराम, गलाईवाले'. आत भट्टीपुढं बसलेल्या माणसाच्या पाया पडलो आणि म्हणालो, "महादूअण्णा, मी अमक्याचा मुलगा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढचं काही न विचारता माळा झाडून दिला, आणि खालून आवाज दिला, "मास्तर, भाकरी खायाला या." मास्तर व्हायला मला अजून पुष्कळ वर्षं होती. पण त्या दिवसापासून त्यांनी मला दुसरी हाक मारली नाही.

महिनाभर मी त्यांना महादूअण्णाच म्हणत होतो. सगळा कट्टा त्यांना महादूशेठ म्हणे. मग एक दिवस मोठा पटका बांधलेले, उंचेपुरे गृहस्थ शेंगांचं गाठोडं घेऊन दारात उभे राहिले. भट्टीपुढचा माणूस चटकन उठला, आपली बसायची घोंगडी झटकून त्यांना दिली आणि स्वतः उभा राहिला. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "हे कोण?"

"महादूअण्णा. आमचं थोरलं."

"मग तुम्ही?"

"मी गणपा."

"अहो, मग मी इतके दिवस हाक मारत होतो, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू अण्णाच्या दुकानात आलास, अण्णाला हाक मारलीस, मी ओ दिली. ह्यात चुकलं कुठं?"

त्यांच्या दृष्टीनं खरोखरच काही चुकलं नव्हतं. त्या भागातल्या गलाईवाल्यांची रीतच तशी होती. थोरला भाऊ गावाकडं राहून शेत आणि देव सांभाळायचा, धाकटा परमुलखात भट्टी पेटवायचा, आणि पाटीवर नाव लागायचं ते थोरल्याचं. महादूअण्णांनी मूस कधी हातात धरली नव्हती. पण कट्ट्यावरच्या पावत्या त्यांच्या नावानं फाटत, वर्गणी त्यांच्या नावानं लागे, आणि लग्नाच्या पत्रिकाही 'महादूशेठ यांस' म्हणून येत. तात्या त्या लग्नांना जाऊन महादूशेठ म्हणून जेवून येत. काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, याची भारी गंमत वाटे. पोळपाटावरून मान न उचलता त्या म्हणायच्या, "बरं झालं बाई, आमच्या लग्नात भटजीनं नाव इचारलं न्हाई. न्हाईतर ह्येंनी तिथंबी थोरल्याचंच सांगितलं असतं."

"तुझं नशीब," तात्या म्हणायचे. "अण्णा माझ्यापरास देखणा."

संध्याकाळी भट्टी निवली की एक गोष्ट रोज व्हायची. तात्या जमिनीवर एक जुनं पांढरं फडकं अंथरत, त्याच्यावर उभे राहत आणि अंगावरचे कपडे झटकत. आधी मुंडासं, मग बंडी, मग धोतराचा सोगा. शेवटी तळपाय एकमेकांवर घासत. फडक्याच्या चार कोपऱ्यांची गाठ मारून ते बाजूला ठेवत. मला आधी वाटलं, स्वच्छतेची आवड. ते म्हणाले, "लोकाचं सोनं अंगावर घिऊन घरात जाऊ न्हाई." डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढा तो कण. पण हात इतके सवयीचे झाले होते, की गावाकडं आमच्या घरी आले तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून ते धोतर झटकत. माझी आई म्हणे, "भाऊजी, आमच्या दारात सोनं सांडतंय व्हय?"

मी बी. ए. झालो त्या दिवशी तात्यांनी भट्टी पेटवलीच नाही. मला घेऊन गणपतीच्या देवळात गेले. पुजाऱ्यानं नारळ हातात घेऊन विचारलं, "संकल्प कुणाच्या नावानं?" मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर तात्या म्हणाले, "याच्या बापाच्या." मी जरा हिरमुसलो. बाहेर आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं असावं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परीक्षा तुझी हाय, मास्तर. नाव बापाचं. दोनी जागा येगळ्या असत्यात."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरटच्या वरचे दागिने करायला बंदी झाली आणि सराफ कट्टा बसल्यासारखा झाला. सोनार हात बांधून दुकानाच्या पायरीवर बसायला लागले. जिथं कानसच चालत नाही तिथं धूळ कुठून पडणार? तात्यांची भट्टी आठवड्यातून एखादा दिवस पेटायची. तिच्यावर दोन घरं होती, सांगलीतलं आणि गावाकडचं. अण्णांना चार मुली.

कट्ट्यावरच्या एका गुजराती सराफाचे मामा आफ्रिकेत मोंबाशाला होते. तिकडं आपल्या सोनारांची दुकानं पुष्कळ आणि गलाईचा माणूस एकही नाही, असं त्यांचं पत्र आलं. तात्या तयार झाले. पासपोर्टासाठी जन्माचा दाखला काढला तर त्यात जिल्हा निघाला सातारा. तोवर आमचा तालुका सांगली जिल्ह्यात गेला होता. कारकून म्हणाला, दोन कागदांवर दोन जिल्हे कसे? तात्या शांतपणे म्हणाले, "सायेब, गाव जागचं हाललं न्हाई. जिल्हाच हाललाय." त्या हेलपाट्यात महिने गेले. अखेर पासपोर्ट आला. त्यावरचं 'गणपत सखाराम' त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "आयला, छापील बघून कसंतरीच वाटतंय. कुणा परक्याचं असल्यागत."

बोटीवर चढताना त्यांच्याजवळ वळकटी, हत्यारांची पेटी आणि ते पांढरं फडकं होतं. काकू मुलांना घेऊन गावाकडं गेल्या.

तिकडं त्यांचं बरं चाललं. त्या सराफ मामांच्या दुकानामागं, त्यांच्याच परवान्याखाली, त्यांनी भट्टी घातली. मी तोवर सातारला हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागलो होतो. त्यांची पत्रं कुणाकडून तरी लिहून घेतलेली असत, पण मधेच एखादं वाक्य अस्सल त्यांचं निघे. एकदा लिहिलं होतं, 'भट्टीकडे तोंड करून जन्म गेला, आता पाठीला समुद्राचा वारा लागतो. बरे वाटते.'

तीनेक वर्षांनी ते सुटीवर आले आणि गावाकडून परत जाताना थेट सातारला माझ्या खोलीवर उतरले. लवंगांची पुडी आईसाठी पुढं केली. रंग आणखी रापला होता. भुवया नव्हत्याच. चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, तिकडं आता नवं राज्य आलंय. त्येंचंबी बरोबर हाय, आपल्या घरात कोण कशापायी बसलंय ते त्येंनी इचारायचं न्हाई तर कुणी? दुसऱ्याच्या परवान्याखाली ऱ्हायचं न्हाई म्हनत्यात. ज्येचा त्येनं धंदा नोंदवायचा, परवाना काढायचा. न्हाई काढला तर भट्टी इझवून घराकडं."

पिशवीतून त्यांनी अर्ज काढला. मी टेबलाशी बसलो. धंद्याचं नाव या रकान्यात मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, "महादू सखाराम, गलाईवाले." मी लिहिलं. पुढचा रकाना मालकाचा.

"महादू सखाराम."

मी पेन खाली ठेवलं. "तात्या, मालक म्हणजे तुम्ही. इथं लिहिलंय की मालकानं त्या देशात स्वतः हजर राहून काम केलं पाहिजे."

"हजर मी हायच की."

"तुम्ही हजर आहात. महादूअण्णा गावात आहेत."

"सांगलीत तीस वरीस कुणी इचारलं?"

"सांगलीत सगळे ओळखीचे होते. हे परक्या देशाचं सरकार आहे. असं करू, दुकानाचं नाव अण्णांचं राहू द्या. मालकाच्या जागी तुमचं घालू. दोन्ही होतंय."

त्यांनी अर्ज उचलून उलटसुलट बघितला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "म्हंजी पाटीवर देव त्यो, आन् गाभारा माझा? न्हाई मास्तर."

"अहो, पण अण्णांना विचारून तर बघा. ते नाही म्हणायचे नाहीत."

"इचारणं म्हंजीच मागणं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "आमच्यात अजून चूल एक हाय. मी येगळं नाव लावलं ही गोष्ट उद्या गावात फुटंल. लोक म्हंत्याल, गणपा आफ्रिकेला गेला आन् वाटण्या करून आला. अण्णाच्या पोरी उजवायच्या हायत्या अजून. वाटण्या झालेल्या घरातली पोरगी म्हनून बघाय येतील लोक. तुला कळायचं न्हाई ते."

मला कळत होतं. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की घर मेल्यासारखं बोलतात. पण अर्जातलं वाक्यही मला कळत होतं. मी ते त्यांना पुन्हा मराठीत करून सांगितलं, हजर राहणारा, स्वतः काम करणारा. ते मान हलवत राहिले, आणि शेवटी पिशवीतून अण्णांच्या अंगठ्याचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. गावातून निघतानाच तो घेऊन आले होते. म्हणजे विचारायला नव्हे, लिहून घ्यायलाच ते आले होते. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मालक महादू सखाराम. काम पाहणारा, भाऊ गणपत सखाराम.

दाराशी जाताना ते हसून म्हणाले, "तिकडं कुणालाच घाई नसती बघ. पोले पोले म्हनत्यात, म्हंजी हळू हळू. परवाना यील सावकाश."

परवाना आला नाही. सहा-सात महिन्यांनी तात्याच आले.

काय झालं ते त्यांनी मला विट्याच्या एस. टी. स्टँडवर, चहाच्या गाड्याशी उभं राहून सांगितलं, आणि तेही हसत. कचेरीत बोलावणं आलं. बाकावर बरीच माणसं होती, एकेकाला आत घेत होते. शिपायानं दारातून पुकारा केला, "महादू सखाराम!" तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जी."

मी म्हणालो, "अर्जात होतं ना, काम पाहणारा भाऊ म्हणून? तेवढंच सांगायचं होतं."

"सांगणार हुतो. वाटंत घोकत गेलो हुतो, सायेब मी भाऊ. पर हाक आली की रं. तीस वरीस त्या हाकंला ओ दिली. पाय आपसूक उठलं." आत साहेबानं पासपोर्ट मागितला. त्यावर नाव दुसरं. साहेब दुभाष्याला म्हणाला, हा माणूस दुसऱ्याच्या नावानं हजर झालाय. मग भाऊ, रीत, थोरला, पाटी, सगळं तात्यांनी सांगून पाहिलं. "दुभाष्या गुजराती हुता, त्येला पटत हुतं. पर त्यो तरी काय करणार? सायेब चांगला हुता मास्तर, वरडला न्हाई. त्यो एवढंच म्हनला, खोटं नाव सांगनाऱ्याला परवाना न्हाई." गाड्यावरचा ग्लास हातात फिरवत म्हणाले, "खोटं म्हनला त्यो. इस्तवापुढं बसून जन्म काढला मी. इस्तवापुढं खोटं टिकत न्हाई."

त्यांनी मला बजावलं, अण्णाला यातलं अक्षर कळता कामा नये. गावात त्यांनी सांगितलं होतं, तिकडची हवा मानवली नाही.

त्याच वर्षी गावच्या जत्रेला मी त्यांच्याकडं जेवायला होतो. पंगत उठल्यावर महादूअण्णा अंगणात बाजेवर बसले होते. समोर चार माणसं होती आणि तात्या खांबाला टेकून सुपारी कातरत होते. कुणीतरी आफ्रिकेचा विषय काढला. अण्णा एकदम म्हणाले, "हवा मानवली न्हाई म्हनं! गावचा घाम चालतुया आन् समुद्राची हवा न्हाई चालत. तिथं माझ्या नावाची पाटी लागली आसती, गड्या. साता समुद्रापार. ह्यानं नाव घालवलं माझं."

सगळे तात्यांकडं बघायला लागले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय अण्णा. चुकलंच." सुपारी कातरणं चालूच होतं. आतून काकूंनी भांडं जोरात आदळलेलं मला ऐकू आलं.

पुढं सांगलीत भट्टी पुन्हा लागली नाही. जागा सोडली होती आणि धंदाही उरला नव्हता. तात्या कुपवाडच्या माळावर नव्यानं निघालेल्या एका फौंड्रीत लागले. बिडाचा रस साच्यांत ओतायचं काम. सोन्याचा माणूस लोखंडावर आला, असं कट्ट्यावरचे लोक हळहळून म्हणत.

दोन वर्षांनी महादूअण्णा मुलीच्या स्थळासाठी सातारला आले आणि माझ्याकडं उतरले. रात्रीचं जेवण झालं. पान लावता लावता ते म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्यालं. आमच्या गणपाचं तिकडं नेमकं काय झालं हो?"

मी म्हणालो, "परवाना मिळाला नाही, अण्णा."

"ते मला कवाच कळलंय. हवेचं सोंग हाय त्ये. पर का मिळाला न्हाई?" ते पानाला चुना लावत राहिले. "त्यो अंगठा घ्यायला आला तवा मी म्हनलो हुतो त्येला, आरं आता तरी तुझ्या नावानं कर की. जन्मभर माझ्या नावाचं ओझं काय वाहतोस? तर म्हनतो कसा, सायेबानंच थोरल्याचा अंगठा मागितलाय. मग काय करनार? दिला."

"पण जत्रेत तुम्ही त्यांना तसं बोललात..."

"बोललो. त्यो 'व्हय' म्हनला म्हनून लय वंगाळ वाटलं. मला वाटलं हुतं, आज तरी भांडंल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्याच रविवारी मी सांगलीची गाडी धरली. तात्यांना हे सांगायलाच हवं होतं. अण्णांची ना नव्हती, कधीच नव्हती, आणि जत्रेतलं बोलणंही मनातलं नव्हतं. स्वतःचं नाव मागावं लागलं नसतं, देऊ केलेलं नुसतं घ्यायचं होतं.

कुपवाडला पोचलो तेव्हा पाळी सुटायची वेळ झाली होती. फाटकातून माणसं सायकली काढत होती. तात्या आत पत्र्याच्या शेडपाशी उभे होते. खाली ते पांढरं फडकं होतं. आता पांढरं म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं. मुंडासं झटकून झालं होतं, बंडी चालली होती. बिडाची काळी भुकटी भुरभुरत खाली पडत होती. शेजारून जाणारा एक पोरगेला कामगार म्हणाला, "तात्या, मालकाला द्या नेऊन गाठोडं. बंगला बांधंल त्यो." ते त्याच्यावर हसले, पण झटकणं थांबवलं नाही.

मी तिथंच उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. अण्णा काय म्हणाले ते, जसंच्या तसं. ऐकताना त्यांचा हात थोडा वेळ थांबला. बिनभुवयांच्या त्या चेहऱ्यावर नवल कायमचंच होतं, त्यामुळे आत काय झालं ते मला वाचता आलं नाही.

"आसं म्हनला अण्णा?"

"हो."

"भांडायला पायजे हुतं म्हनला?"

"हो, तात्या."

मग धोतराचा सोगा हातात घेऊन सावकाश झटकत म्हणाले, "आसा थोरला असल्यावर मग दुसऱ्या कुणाचं नाव लावायचं, मास्तर? तूच सांग."

एवढ्यात फाटकाजवळच्या कचेरीतून कारकून हजेरीचं पुस्तक घेऊन बाहेर आला. पगारावर सही राहिली असेल किंवा दुसरं काही. त्यानं हाक दिली, "गणपत सखाराम!"

तात्या तळपाय एकमेकांवर घासत होते.

"अहो गणपत सखाराम! कुणी आहे का?"

ते वाकले, फडक्याचे कोपरे गोळा करायला लागले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "तात्या, हाक मारताहेत."

त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडं आणि मग कारकुनाकडं पाहिलं.

"मला व्हय?" म्हणाले, आणि गाठोडं माझ्या हातात देऊन लगबगीनं तिकडं गेले.